साहेब किती होते

तिरोडकर वकीलबाई ठाकूरद्वारच्या नाक्यावर कुणाला हाक मारायच्या तेव्हा तिकडे चौपाटीवरचा भेळवाला "आलो, आलो" म्हणून ओ द्यायचा, असं मी सांगितलं तर तुम्ही मला थापाड्या म्हणाल. म्हणा. गिरगावात मला सगळेच म्हणतात. पण बाईंच्या आवाजाबद्दल मी आजवर जे जे सांगितलं ते कमी करूनच सांगितलं आहे. खरं सांगितलं असतं तर कुणी विश्वासच ठेवला नसता.

बाईंकडे मी अकरा वर्षं टायपिस्ट होतो. ऑफिस म्हणजे चाळीतली पहिल्या मजल्यावरची खोली. दोन टेबलं, एक पंखा, आणि फायली इतक्या की भिंती नसत्या तरी छप्पर फायलींवर उभं राहिलं असतं. खाली मिरची कांडायची गिरणी. वर येणारा पक्षकार तिसऱ्या पायरीवर शिंकायचा, सातव्या पायरीवर त्याचे डोळे वाहायला लागायचे. मी एकदा म्हटलं, "बाई, जागा बदलू या." तर म्हणाल्या, "वेडा आहेस काय? इथे येणाऱ्या बायकांना रडायचं असतं. रडून खाली उतरताना ओळखीचं कुणी भेटलं तर मिरचीवर ढकलता येतं. अशी सोय हायकोर्टात तरी आहे काय?"

बाईंचा जन्म लालबागचा, वडील गिरणीत साचेखात्यात. घरात मालवणी, कोर्टात इंग्रजी, माझ्याशी मराठी, आणि समोरचा वकील फारच शिष्टपणा करायला लागला की पुन्हा मालवणी. साठी उलटली होती. गुडघे गेले होते. काळा कोट दाराच्या खिळ्याला टांगलेला असायचा आणि तो बाईंपेक्षा ताठ दिसायचा. कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ, हे शब्द बाई भाजीवालीसमोरसुद्धा त्याच आवाजात म्हणायच्या. भाजीवाली गवार मोजायची थांबायची. बाई म्हणायच्या, "तू मोज गो. तुझ्या सुनेचा नंबर आहे ना माझ्याकडे?"

तक्रार घेऊन आलेली बाई पहिल्यांदा कधीच सरळ बोलत नाही. हे माझं मत नव्हे, अकरा वर्षांचं टायपिंग आहे. ती म्हणते, "साहेब वाईट वागले." किंवा, "तसलं काहीतरी केलं." किंवा सगळ्यांचा लाडका शब्द, "नको ते." बाई पेन खाली ठेवायच्या. "नको ते म्हणजे काय ते? नको ते मला रोज होतं. सकाळी पाणी जातं ते नको ते. हा शास्त्रीबुवा उशिरा येतो ते नको ते." शास्त्रीबुवा म्हणजे मी. ऱ्हस्वदीर्घ चुकलेला कागद मी खोलीबाहेर जाऊ देत नसे, म्हणून ही पदवी. "रडून घे आधी. मग मला वार सांग, वेळ सांग, हात सांग. उजवा की डावा?"

वरवर बघणाऱ्याला हे निर्दय वाटायचं. मलाही पहिलं वर्षभर वाटलं. मग ध्यानात आलं की ज्या बाईला इथे उजवा की डावा सांगता आलं नाही तिला समितीसमोर काहीच सांगता येत नाही. आणि समितीसमोर ती एकटी असते. कायदाच तसा आहे. प्रत्येक ऑफिसात चौकशीला एक समिती असते आणि तिच्यापुढे कुठल्याही पक्षाला वकील नेता येत नाही. म्हणजे बाईंनी महिनाभर तयारी करून घ्यायची आणि त्या दिवशी दाराबाहेर बसायचं. समोरच्या साहेबालाही वकील नाही, बरोबरीचा मामला, असं पुस्तकात आहे. फक्त साहेबाने विचारायचे प्रश्न कंपनीच्या वकिलाने आदल्या दिवशी लिहून दिलेले असतात, ते पुस्तकात नाही.

समित्यांच्या एकेक तऱ्हा होत्या. कॉटन ग्रीनला एका गोदामवाल्या पेढीत बाई गेल्या तर भिंतीवर समितीचा फलक होता, पितळेचा, चकचकीत. त्यावर पाच नावं. पहिली बाई रिटायर होऊन गावी गेलेली, दुसरी लग्न करून परदेशी, तिसऱ्या गृहस्थाच्या फोटोला कॅन्टीनमध्ये हार घातलेला, चौथी मालकाची सासू, आणि पाचवं नाव ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्याचं. तो भला माणूस स्वतःच्या चौकशीची तारीख स्वतःच्या सोयीने पुढे ढकलत होता. सासूबद्दल मी थोडं वाढवून सांगितलं आहे. बाकीचं जसंच्या तसं. बाईंनी तो फलक खाली काढायला लावला, नवी समिती बसवायला लावली आणि घरी जाताना मला म्हणाल्या, "पितळ चांगलं होतं रे."

दरवर्षी कंपन्या बाईंना व्याख्यानाला बोलवायच्या. कर्मचाऱ्यांना कायदा समजावून सांगितला अशी नोंद लागते, म्हणून. लोअर परळला एका हॉलमध्ये दोनशे माणसं, प्रत्येकापुढे समोसा. मागच्या रांगेत दात काढणं चाललेलं. बाईंनी माईक बाजूला केला, त्यांना तो कधी लागलाच नाही, आणि विचारलं, "गंमत म्हणून ऑफिसातल्या बाईला 'आज काय मस्त दिसतेस, जरा वळून दाखव' असं कोण कोण म्हणतं? खरं सांगा, मी काही करत नाही." दोनचार हात हसत हसत वर गेले. "छान. आता तुमच्या डायरेक्टरला गंमत म्हणून असं कोण म्हणालंय? 'सर, आज काय मस्त दिसताय, जरा वळून दाखवा.'" डायरेक्टर पहिल्याच रांगेत, अडीच माणसांचा ऐवज. दोनशे माणसांनी एकदम समोशाकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे गंमत कुणाची करायची ते तुम्हाला बरोबर कळतं. मग मी काय शिकवू?"

टाळ्या पडल्या. पुढच्या वर्षी त्याच हॉलमध्ये तीच माणसं, तेच समोसे. बाईंनी तोच प्रश्न विचारला आणि तेच हात वर गेले. परतताना टॅक्सीत बाईंनी डिलाईल रोडचा पूल संपेपर्यंत पर्समधली सुटी नाणी मोजली. मग म्हणाल्या, "व्याख्यान झाल्याची सही घेतात सगळ्यांची. डोक्यात शिरल्याची सही कुठे घेतात?"

आता वैशालीचं सांगतो. नाव खरं नाही. सभ्यपणा म्हणून बदललेलं नाही. तक्रार करणारीचं नाव बाहेर फोडायचं नाही असा कायदाच आहे, आणि बाई गेल्याला दोन वर्षं झाली तरी मी अजून त्यांना भितो.

वैशाली डिलाईल रोडची. सासरे गिरणीतले, नवरा बोटीवर. ती परळच्या एका काचेच्या इमारतीतल्या कंपनीत हिशेबाच्या खात्यात. खात्याचा मुख्य तो साहेब. एका दुपारी तिला कागद घेऊन केबिनमध्ये बोलावलं. आत दोन मॅनेजर बसले होते, ते उठून गेले. मग दार लागलं. पुढचं तिने बाईंना सांगितलं, मी टाइप केलं, इथे पुन्हा करत नाही. दोन्ही हात होते, एवढंच. आणि एक वाक्य होतं, तिचा नवरा बाहेरगावी असतो त्यावरून. हे तीनदा झालं. चौथ्यांदा ती कागद केबिनच्या दाराशी ठेवून पळाली, तर वर्षाच्या मूल्यमापनात 'सहकार्याचा अभाव' असा शेरा आला.

वैशालीने सगळं सांगितलं. वार, वेळ, हात. एवढं स्पष्ट बोलणारी बाई मी क्वचित बघितली. अडली ती भलत्याच ठिकाणी.

"साहेबांनी दार लावलं," ती म्हणाली.

"साहेबाने," बाई म्हणाल्या.

"हो. त्यांनी दार लावलं, मग ते..."

"त्याने. तो."

वैशालीने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"म्हण गो. तो."

"नाही येत तोंडात, बाई. सहा वर्षं साहेब म्हणतेय. सवयीचं आहे. घरी नवऱ्यालापण अहोच म्हणते मी."

"नवऱ्याचा तू बघ. पण ज्या हाताने असले धंदे केले त्या हाताला अहो-जाहो कशाक? ह्यो काय प्रभू रामचंद्र नाय, पण ह्याका आपण एकवचनी करूचो." आणि माझ्याकडे वळून, "शास्त्रीबुवा, प्रत्येक वाक्यात तो. त्याने. नाव घाल, सर्वनाम घाल, पण एकवचन."

मी मान हलवली. मग टाइप करायला बसलो.

आणि इथे माझा हात अडला. मला लहानपणी वडिलांनी शिकवलेलं होतं की अर्ज म्हटला की तो दरोडेखोराविरुद्ध असला तरी भाषा अदबीची हवी. वर 'माननीय अध्यक्ष महोदया' आणि खाली 'त्याने हात धरला', हे मला अंगठेछाप वाटलं. पक्षकार शिकलेली, चांगल्या घरातली. तिची तक्रार नळावरच्या भांडणासारखी कशाला वाचली जावी? बाई कोर्टात गेल्या होत्या. मी ओळीओळीने गेलो आणि जिथे जिथे 'त्याने' होतं तिथे 'त्यांनी' केलं. मात्रेची वेलांटी आणि वर एक अनुस्वार. मानाचा सगळा भार त्या एका टिंबावर. मला वाटलं मी वैशालीची शान राखली. बाईंनी संध्याकाळी चष्मा शोधत शोधत कागद चाळला, वैशालीने सही केली, तक्रार गेली.

समितीचं काम इंग्रजीत. कंपनीने तक्रारीचं भाषांतर कुठून तरी करून घेतलं. मॅनेजर उठून गेले ते वाक्य आणि 'मग त्यांनी दार लावलं' हे वाक्य एकापाठोपाठ एक. भाषांतर करणारा माणूस होता की यंत्र, देव जाणे. 'त्यांनी' म्हणजे अनेक जण, एवढंच त्याला ठाऊक. सबंध कागदभर साहेबाच्या जागी टोळी उभी राहिली. त्या सगळ्यांनी दार लावलं. त्या सगळ्यांनी हात ठेवले. ते सगळे म्हणाले, की तुझा नवरा तर बाहेरगावी असतो.

आत वैशालीला विचारलं, किती जण होते? ती म्हणाली, एक. तक्रारीत तर अनेक आहेत. ती म्हणाली, नाही, साहेब एकटेच होते. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. बाई आणि मी खाली लॉबीत बसलो होतो. ती लिफ्टमधून बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, साहेब किती होते असं विचारत होते. असं का विचारत होते?"

अहवाल आला. तक्रार आणि जबाब यांत गंभीर विसंगती, आरोप सिद्ध होत नाही. मूळ मराठी कागद जोडलेला होता, सगळ्यात खाली. तो कुणी उलटून बघितला नव्हता. वैशालीला 'तिच्याच सोयीसाठी' तळमजल्यावर रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. खिडकी नाही. साहेब आपल्या केबिनमध्ये होता तिथेच.

बाईंनी अहवाल वाचला, भाषांतर वाचलं, मग मूळ कागद वाचला. मग त्यांच्या हस्ताक्षरातला मसुदा काढून शेजारी ठेवला. मी वाट बघत होतो. चौपाटीपर्यंत ऐकू जाणारा आवाज आता माझ्यावर फुटणार, खालची मिरचीची गिरणी बंद पडणार. बाईंनी चष्मा काढला.

"व्याकरण तुमचं बरोबर आहे, शास्त्रीबुवा," त्या म्हणाल्या. हळू. शेजारच्या टेबलावर ऐकू येईल इतपतच.

पहिल्यांदाच त्यांनी मला अहो-जाहो केलं होतं.

"मी वैशालीला सांगतो," मी म्हटलं. "माझी चूक आहे."

"मी सांगीन. चूक ऑफिसची आहे. तू लिहिलंस, मी बघितलं नाही. दिवसाला तीन कोर्टं आणि वीस कागद, त्यात मी टिंब बघणार कधी?" मग चष्मा पुन्हा लावत, "पण बघायला हवं होतं. तिची नोकरी त्या टिंबावर होती."

बाईंनी तिला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. मला मुद्दाम खाली चहा आणायला पाठवलं होतं. मी वर आलो तेव्हा वैशालीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझ्यापण तोंडात तेच आलं होतं, काका." त्यापेक्षा तिने कप फेकून मारला असता तर बरं झालं असतं.

अपील केलं. अपिलात वकील चालतो, म्हणून दीड वर्षानंतर का होईना, बाईंना तोंड उघडायला मिळालं. दीड वर्ष म्हणजे तारखाच तारखा. कधी समोरचा वकील आजारी, कधी साहेब दौऱ्यावर, एकदा तर फाइल सापडेना आणि सापडली तेव्हा ती शिपायाच्या खुर्चीचा पाय डुगडुगत होता तिथे खाली होती. वैशाली दर तारखेला रजा टाकून यायची. बाकावर बसायची. बाई तिच्या शेजारी गुडघा चोळत बसायच्या. कोर्टाच्या त्या बाकावर दोघींचं पुष्कळ बोलणं व्हायचं. माशांच्या भावाबद्दल, गणपतीला गावी जायच्या तिकिटाबद्दल. केसबद्दल अक्षर नाही.

शेवटी सुनावणी झाली. समोरचा वकील मोठा, इंग्रजी असं की कानाला अत्तर लावल्यासारखं. मराठी येत नव्हतं त्याला. तो दहा मिनिटं त्या टोळीवर बोलला. एक माणूस की अनेक, हेच तक्रारदाराला ठरवता येत नाही.

बाई उठल्या. जज्जसाहेब मराठी होते. बाई म्हणाल्या, "साहेब, माझे वडील लालबागला गिरणीत होते. रोज पाळी सुटली की वडील घरी यायचे. आई म्हणायची, ते आले, पान घ्या. साहेब, रोज किती वडील घरी येत असतील?"

कोर्टात पहिल्यांदा शिपाई हसला. मग बेंचक्लार्क. जज्जसाहेबांनी हनुवटीवर हात ठेवून चेहरा सांभाळला. समोरचा वकील आपल्या ज्युनियरला विचारत होता, काय म्हणाली, काय म्हणाली. ज्युनियर आमच्या दादरचा. त्याला हसू आवरेना आणि भाषांतरही जमेना.

"माझी पक्षकार," बाई म्हणाल्या, "ज्या माणसाने तिला हात लावला त्याचाही मान राखून लिहिते. एवढी ती सरळ आहे. आणि तिच्या त्या सरळपणाची टोळी करून तिला खोटं ठरवलं. मूळ कागद वाचला असता तर पाचवीतल्या पोरानेही सांगितलं असतं."

माझं नाव घेतलं नाही. माझं टिंब त्यांनी वैशालीचा सभ्यपणा म्हणून कोर्टापुढे ठेवलं आणि जिंकल्या.

जिंकल्या म्हणजे काय, ते ऐका. अहवाल रद्द. नवी समिती नेमा, नव्याने चौकशी करा. बाहेर व्हरांड्यात मी पेढे आणायला निघालो तर बाईंनी मला मनगटाला धरून थांबवलं. वैशाली खांबाला टेकून उभी होती.

"म्हणजे पुन्हा सगळं सांगायचं?" तिने विचारलं.

"पुन्हा."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून." बाईंनी फाइल एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "नको असेल तर नको म्हण. मी रागवायची नाही. दोन वर्षं झाली, गो. मीच दमलेय, तर तुझं काय."

वैशालीने खांबावरून पाठ काढली. मग म्हणाली, "तळमजल्यावर माझ्या शेजारी एक नवीन मुलगी आलीय. तिला पुढच्या महिन्यात वर घेणार आहेत. साहेबांच्या खात्यात."

बाईंनी मान हलवली. चौथ्या दिवशी नवा अर्ज गेला. तो मी टाइप केला आणि बाईंनी भिंग घेऊन वाचला. दोनदा.

निकालाचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही वाट बघत बसणार नाही. आरोप सिद्ध झाला. साहेबाला काढलं नाही, पद खाली आणलं आणि दुसऱ्या शहरात पाठवलं. तिथे कुणी त्याला साहेब म्हणत असेलच. वैशालीचा शेरा पुसला, ती आपल्या जागेवर परत गेली, अजून तिथेच आहे. बाई म्हणाल्या, "अर्धा गेला. अर्धा मिळाला," आणि पुढची फाइल मागितली. पुढे वर्षाच्या आतच बाई गेल्या.

पण मला बाई आठवतात त्या नव्या चौकशीच्या दिवशीच्या. अकरा वाजता वैशाली लिफ्टने वर गेली. बाई नेहमीप्रमाणे खाली. त्या इमारतीच्या लॉबीतला सोफा असा की माणूस बसला की गळ्यापर्यंत आत जातो. गेल्या खेपेला मी एक पाकीट आणि एक चप्पल त्यात गमावली होती. मला दादरहून एक कागद आणायचा होता. परत आलो तेव्हा तीन वाजले होते.

काचेतून बघितलं तर बाई झोपल्या होत्या. तोंड उघडं, मान कलंडलेली, काळा कोट मांडीवर. इतकी वर्षं मी त्यांना बसलेलं, उठलेलं, ओरडताना पाहिलं होतं, पण त्या एवढ्या लहानखुऱ्या आहेत हे मला माहीत नव्हतं. गार्ड त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला होता. "मॅडम," तो म्हणत होता, "मॅडम, इधर सोने का नहीं."

मी दारातून आत शिरेपर्यंत लिफ्ट उघडली. वैशाली बाहेर आली. चार तास आत होती. चेहरा धुतलेला होता, केसांना अजून पाणी होतं. आत काय झालं, तिने काय सांगितलं, ते मला आजही माहीत नाही.

तिने गार्डकडे बघितलं. "उठवू नका त्यांना," ती म्हणाली. "माझ्या वकील आहेत त्या."

गार्ड काहीतरी नियमाचं पुटपुटला आणि मागे सरला. वैशाली बाईंच्या शेजारी बसली, त्यांच्या मांडीवरून घसरणारा कोट वर घेतला. मी कागद पुढे केला तर तिने ओठांवर बोट ठेवलं.

"तुम्ही व्हा पुढे, काका," ती हळूच म्हणाली. "मी बसते. मला आज अख्ख्या दिवसाची रजा आहे."